स्थानक जवळ आलं की...

गेल्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. कॉलेजात जाणारा मुलगा. रात्री जेवणं आटोपली की तो संगणकासमोर बसे आणि अंतराळयान चालवायला घेई. खेळाचं नाव ‘एलिट डेंजरस’. २०१४ साली बाजारात आलेला हा खेळ अजूनही जगभर खेळला जातो. एका रात्री त्याची कुरकूर ऐकून मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर काळंभोर आकाश, त्यात एक ग्रह आणि ग्रहाभोवती फिरणारं अंतराळ स्थानक. यान सुसाट निघालं. अंतराचे आकडे भराभर खाली आले. आता पोचणार म्हणेपर्यंत स्थानक बाजूनं सरकून मागे गेलं. भाच्यानं यान वळवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच.

‘‘मामू, हा गेमच बिघडलाय,’’ तो वैतागून म्हणाला.

मी कला शाखेचा बी.ए. माणूस. मला अंतराळयानातलं काही कळत नाही. पण माझे वडील, म्हणजे त्याचे नाना, गलबतावर तांडेल होते. खाडीत शिरताना ते काय करायचे ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. धक्का दिसला की शीड उतरवायचं. धक्का जवळ आल्यावर उतरवू म्हणणाऱ्याचं गलबत धक्क्यावर आपटतं. मी भाच्याला एवढंच म्हटलं, ‘‘तू फार उशिरा शीड उतरवतोयस.’’

तो हसला, पण गोष्ट खरी निघाली. या खेळात असं वारंवार होतं आणि खेळणाऱ्यांनी त्याला नावही दिलेलं आहे, ‘लाजेचा फेरा’. वेग वेळेवर आवरला नाही की यान स्थानक ओलांडून पुढे जातं आणि भला मोठा वळसा घालून परत यावं लागतं. जुने खेळाडू नवख्यांना एकच नियम सांगतात. पोचायला सात सेकंद उरलेत असं पडद्यावर दिसलं की वेगाचा दांडा पाऊण भागावर आणून ठेवा. मग यान आपोआप मंदावत जातं.

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यात घोळत राहिला. मी वाचू लागलो. वाचता वाचता कळलं की खेळातल्या स्थानकाशी पोचताना जे चुकतं, तेच खऱ्या अंतराळातही चुकत आलेलं आहे. फरक इतकाच की खेळात यान फुटलं तर बटण दाबून नवं मिळतं. खऱ्या अंतराळात आत माणसं असतात.

आधी खेळाचीच गोष्ट सांगतो. या खेळाचा पूर्वज ‘एलिट’ सप्टेंबर १९८४मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. तो लिहिला होता इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या केंब्रिज विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी. त्यांच्या हाताशी होता बीबीसी मायक्रो नावाचा घरगुती संगणक. त्याची सगळी स्मृती बत्तीस किलोबाइट. आज आपल्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत या पोरांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत दोनशे छप्पन ग्रह बसवले. प्रत्येक ग्रहाजवळ स्वतःभोवती गिरक्या घेणारं स्थानक आणि त्या स्थानकाला एक अरुंद चीर. यान त्या चिरेतून आत न्यायचं. स्थानक फिरतंय, म्हणून यानही त्याच गतीनं फिरवायचं. जरा तिरकं गेलं की सगळं खलास. कमावलेला माल, पैसा, तासांची मेहनत एका क्षणात जाई.

ज्यांना हे जमत नसे, त्यांच्यासाठी खेळात एक यंत्र विकत मिळे. ते यान आपोआप आत नेई. पण गंमत अशी की हे महागडं यंत्रही कधी कधी यान थेट स्थानकाच्या भिंतीवर नेऊन आपटे. जुने खेळाडू आजही हा किस्सा सांगून हसतात. कमोडोर ६४ या संगणकावरच्या आवृत्तीत तर हे यंत्र चालू झालं की योहान स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ हे वॉल्ट्झ संगीत वाजे. हा नमस्कार होता स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाला. त्यात एक यान याच संगीताच्या लयीत, हळुवारपणे फिरत्या स्थानकात शिरतं. ते दृश्य इतकं देखणं आहे की आपल्याला वाटतं, एवढं सोपं असतं हे! प्रत्यक्षात ते कसं होतं, हे माणसाला तीन वर्षं आधीच कळून चुकलं होतं.

जून १९६५. अमेरिकेचं जेमिनी-४ हे यान कक्षेत पोचलं. यानात होते जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट. त्यांना वर नेणाऱ्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा जवळच तरंगत होता. मॅकडिव्हिटनं ठरल्याप्रमाणे यान त्या टप्प्याकडे वळवलं आणि इंजिनाला रेटा दिला. टप्पा जवळ यायच्या ऐवजी लांब गेला. पुन्हा रेटा दिला, तर आणखी लांब. इंधन भराभर संपू लागलं आणि अखेर तो नाद सोडावा लागला. माझ्या भाच्यासारखंच मॅकडिव्हिटला वाटलं असेल की काहीतरी बिघडलंय. पण बिघडलेलं काहीच नव्हतं.

याचं कारण मोठं मजेशीर आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू जितकी खाली, तितकी तिची प्रदक्षिणा लवकर पुरी होते. तुम्ही पुढच्या यानाला गाठायला म्हणून रेटा दिलात, तर तुमची कक्षा उंचावते. उंच कक्षेत फेरी लांब आणि चालही मंद. म्हणजे घाई केली की तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून थोडं खाली उतरावं लागतं. खालून तुम्ही त्याच्या पुढे सरकता आणि मग वर चढून त्याला भेटता. रस्त्यावर गाडी हाकणाऱ्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं सगळं ज्ञान इथं उलटं होतं.

हे गणित ज्यानं नीट मांडलं त्यांतला एक होता बझ ऑल्ड्रिन. चंद्रावर उतरलेला दुसरा माणूस म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याआधी, १९६३ साली, कक्षेत दोन यानांची भेट कशी घडवावी याच विषयावर त्यानं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट मिळवली होती. नोव्हेंबर १९६६मध्ये जेमिनी-१२ यानात तो असताना रडारनंच दगा दिला. तेव्हा ऑल्ड्रिननं कोनमापक यंत्र आणि छापील तक्ते काढले, हातानं हिशेब केला आणि भेट घडवून आणली. डोक्यात गणित होतं म्हणून ते साधलं.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे, ती आपल्या जवळची आहे. पण तिचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

२० एप्रिल १९८३. सोव्हिएत संघाचं सोयूझ टी-८ हे यान निघालं. व्लादिमीर तितोव्ह प्रमुख, सोबत गेन्नादी स्त्रेकालोव्ह आणि अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह. जायचं होतं साल्यूत-७ या स्थानकावर. कक्षेत गेल्यावर लक्षात आलं, रडारचा अँटेना जागेवर नाही. उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाचं टोपण सुटताना तो निखळून गेला होता. रडार नाही म्हणजे अंतर कळणार नाही आणि जवळ जाण्याचा वेगही कळणार नाही. तितोव्हनं नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर आणि जमिनीवरून मिळणाऱ्या आकड्यांवर यान पुढे नेलं. स्थानक दृश्यात मोठं मोठं होत गेलं. अंतर काहीशे मीटरांवर आलं आणि त्याच सुमारास यान पृथ्वीच्या सावलीत, अंधारात शिरू लागलं. तितोव्हला जाणवलं की आपण फार वेगानं चाललोय. त्यानं यान खाली झुकवलं आणि स्थानक चुकवून निघून गेला. पुन्हा प्रयत्न करण्याइतकं इंधन उरलं नव्हतं. तिघं दोन दिवसांत हात हलवत परत आले.

त्या काळच्या सोव्हिएत संघात हे अपयशच होतं. तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह पुन्हा तयारीला लागले. २६ सप्टेंबर १९८३ला त्यांचं दुसरं उड्डाण ठरलं. त्या रात्री उड्डाणाआधीच अग्निबाणाला तळाशी आग लागली. सुटकेच्या यंत्रणेनं त्यांची कुपी ऐन वेळी उचलून दूर नेली आणि दोघं वाचले. वर्षात दोनदा मोहीम फसलेले हे दोघे. दुसरा कुणी असता तर बाजूला झाला असता.

आणि मग ३ एप्रिल १९८४. सोयूझ टी-११ निघालं. त्यात प्रमुख यूरी मालिशेव्ह, दुसरे तेच गेन्नादी स्त्रेकालोव्ह आणि तिसरे आपले राकेश शर्मा. जायचं होतं त्याच साल्यूत-७वर. या वेळी भेट घडली. राकेश शर्मा आठवडाभर त्या स्थानकावर राहिले. तिथून त्यांनी भारत पाहिला. तो प्रसंग माझ्या पिढीला आजही आठवतो. गावात ज्याच्याकडे रेडिओ होता, त्याच्या ओट्यावर आम्ही जमलो होतो. त्यांच्या शेजारी बसलेला माणूस वर्षभरापूर्वी याच दारावरून परत गेला होता, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आता मला वाटतं, एप्रिल १९८३मध्ये तितोव्हनं हट्ट धरला असता आणि यान स्थानकावर आदळलं असतं, तर तीन जीव गेले असते. कदाचित स्थानकही मोडलं असतं, आणि मग १९८४ साली राकेश शर्मा जाणार कुठं होते? त्यांच्या प्रवासामागे तितोव्हनं परत फिरण्याचा घेतलेला निर्णय उभा आहे. तितोव्हला पुढे त्याचं फळही मिळालं. १९८७च्या डिसेंबरात तो मीर स्थानकावर गेला आणि पूर्ण वर्षभर राहून परतला.

साल्यूत-७ची कहाणी तिथंच संपत नाही. १९८५च्या फेब्रुवारीत ते रिकामं स्थानक अचानक मुकं झालं. वीज गेली, संदेश बंद. जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख यांना त्या थंड पडलेल्या स्थानकाकडे पाठवलं. समोरून काही उत्तर देणारं नाही, आपोआप जोडणारं यंत्र निरुपयोगी. पण या वेळी तयारी वेगळी होती. हातात धरायचं, लेसर किरणानं अंतर मोजणारं यंत्र सोबत होतं. अंतर मोजत, वेग आवरत झानिबेकोव्हनं यान हातानं जोडलं. आत पाणी गोठलेलं होतं. त्या दोघांनी अंगावर लोकरी कपडे चढवून ते स्थानक पुन्हा जिवंत केलं. रडार दोघांनाही उपयोगाचं नव्हतं. पण झानिबेकोव्हला अंतर कळत होतं, तितोव्हला कळत नव्हतं. सगळा फरक तेवढाच.

एवढं शिकूनही पुढे काय झालं बघा. २५ जून १९९७. मीर स्थानकावर तिघे होते. प्रमुख वासिली त्सिब्लियेव्ह, अलेक्सांद्र लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकल फोल. सामान पोचवणारं प्रोग्रेस एम-३४ हे माणसाविना चालणारं यान, सुमारे सात टन वजनाचं, स्थानकापासून सोडवून पुन्हा जोडायचा प्रयोग होता. नेहमी हे काम ‘कुर्स’ नावाची रडार यंत्रणा आपोआप करी. पण ती युक्रेनमध्ये तयार होई. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेन वेगळा देश झाला आणि किंमत वाढली. रशियाला ती यंत्रणा टाळून काम भागतं का, हे पाहायचं होतं. मार्चमध्ये असाच एक प्रयत्न फसला होता. पडद्यावर चित्रच आलं नाही आणि यान स्थानकाच्या जवळून निसटून गेलं. चित्र रडारमुळे बिघडलं असावं असा संशय आला, म्हणून या वेळी रडार बंदच ठेवलं.

त्सिब्लियेव्हपुढे काय होतं? एक छोटा पडदा आणि दोन जॉयस्टिक. येणाऱ्या यानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर दिसत होतं. माझा भाचा रात्री जे करतो, तेच. उलट भाच्याला पडद्यावर अंतराचे आकडे तरी दिसतात. त्सिब्लियेव्हला तेही नव्हते. स्थानक पडद्यावर किती मोठं दिसतं यावरून अंतर ताडायचं, आणि मागे पृथ्वीवरचे पांढरे ढग, त्यांत स्थानक मिसळून गेलेलं. या कामाचा जमिनीवरचा सरावही उड्डाणाआधीचा, महिने उलटून गेलेले. यान दिसतंय का म्हणून लाझुत्किन खिडकीशी धावला. दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रेक लावूनही यान थांबलं नाही. ते स्पेक्त्र नावाच्या खोलीवर आदळलं, सौर पंखा मोडला आणि खोलीला भोक पडलं.

हवा गळू लागली. खोलीचं दार बंद करावं तर दारातून केबल्स गेलेल्या. लाझुत्किननं त्या तोडून, उपटून काढल्या आणि दार झाकून टाकलं. स्थानक वाचलं, पण बरीचशी वीज गेली आणि ते गिरक्या घेऊ लागलं. सूर्याकडे तोंड राहीना, त्यामुळे उरलेले पंखेही निकामी. तेव्हा फोल यांनी खिडकीशी जाऊन अंगठा डोळ्यांसमोर धरला. अंगठ्यामागून तारे किती वेळात सरकतात ते पाहून गिरकीची गती काढली आणि जमिनीवर कळवली. जोडलेल्या सोयूझ यानाची इंजिनं चालवून ती गिरकी थोपवण्यात आली. शेवटी कामाला आला तो माणसाचा अंगठा!

सुरुवातीला सगळा दोष त्सिब्लियेव्हच्या माथी मारला गेला. ज्या माणसाला अंतर सांगितलं नाही, वेग सांगितला नाही, त्यालाच विचारलं, तू वेळेवर का थांबला नाहीस? तितोव्हला निदान आपण फार वेगात आहोत हे जाणवलं, म्हणून तो वळू शकला. त्सिब्लियेव्हकडे परत फिरण्याची वेळ कधी आली हे कळायलाच काही साधन नव्हतं. पैसे वाचवताना आपण नेमकं काय काढून घेतोय, याचा विचार कार्यालयात बसलेल्यांनी करायला हवा होता. हे अंतराळापुरतंच खरं आहे असं मला वाटत नाही.

आता पुन्हा एकदा खेळाकडे येतो. मेक्सिकोत तयार झालेला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा खेळ २०११ साली लोकांसमोर आला. त्यात कक्षेचं सगळं गणित खऱ्यासारखं आहे. मॅकडिव्हिटची चूक इथं तुम्ही घरबसल्या करून पाहू शकता. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक विचित्र दोष होता. ग्रहापासून फार दूर गेलं की यान थरथरू लागे आणि कारण नसताना तुकडे होऊन विखुरे. खेळाडूंनी या दोषाला ‘क्राकेन’ या दंतकथेतल्या समुद्री राक्षसाचं नाव दिलं. कारण असं की संगणक कुठल्याही आकड्याचे ठरावीकच अंक लक्षात ठेवतो. मोजमाप फार दूरच्या बिंदूपासून घेतलं की मोठे अंक सगळी जागा अडवतात आणि बारीक अंक गळून पडतात. दिल्लीपासून मोजत येऊन आपल्या घराच्या उंबऱ्याची जाडी सांगायला बसलो तर जे होईल, तेच. उपाय साधा निघाला. मोजमापाचा मध्यबिंदू दूर कुठंतरी न ठेवता यानावरच आणला.

मला यात विशेष वाटलं ते हे, की खरी यानंही जवळ आल्यावर असंच करतात. दूर असताना पृथ्वीच्या हिशेबानं आपण कुठं आहोत ते पाहायचं. जवळ आल्यावर तो हिशेब बाजूला ठेवायचा आणि एकच विचारायचं, तो माझ्यापासून किती दूर आहे आणि किती वेगानं जवळ येतोय?

आपल्या इस्रोनं हेच केलं. ३० डिसेंबर २०२४ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० या अग्निबाणानं दोन छोटे उपग्रह वर नेले. प्रत्येकी सुमारे दोनशेवीस किलोंचे. मोहिमेचं नाव स्पेडेक्स. दोघांची भेट ठरली होती ७ जानेवारीला. ती ९ तारखेवर गेली, कारण आणखी पडताळणी करायची होती. मग एकमेकांपासून सरकण्याचा वेग अपेक्षेपेक्षा जास्त निघाला म्हणून ९ तारीखही टळली. १२ जानेवारीला उपग्रह आधी पंधरा मीटरांवर आणि मग तीन मीटरांवर आले. आपल्या घरातल्या एका खोलीएवढं अंतर. सगळ्यांना वाटलं, आता जोडतील. इस्रोनं ते मागे घेतले, सुरक्षित अंतरावर नेले आणि आलेली माहिती तपासत बसले.

त्या दिवसांत अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र ती बातमी वाचून तितोव्ह आठवला. १६ जानेवारी २०२५ला दोन्ही उपग्रह जोडले गेले. ते पृथ्वीभोवती ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरांच्या आसपास वेगानं धावत होते. पण एकमेकांकडे येण्याचा त्यांचा वेग सेकंदाला फक्त दहा मिलिमीटर होता. मुंगीसुद्धा याहून जलद चालते! अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. त्याच वर्षी, २५ जूनला, मीरच्या अपघाताला बरोबर अठ्ठावीस वर्षं होत असताना शुभांशु शुक्ला यांचं यान निघालं आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला सुखरूप जोडलं गेलं. २०३५पर्यंत आपलं स्वतःचं स्थानक उभारण्याचं उद्दिष्टही देशानं ठेवलं आहे. त्या स्थानकाच्या दारापाशी उद्या आपलीच मुलं जातील. त्यांना मागे वळायला सांगणारा आकडा समोर असावा आणि ती वळली तर त्यांना कुणी नावं ठेवू नयेत, एवढंच मागणं आहे.

जायच्या आदल्या रात्री भाच्यानं मला पुन्हा हाक मारली. यान निघालं. पडद्यावर सात सेकंद दिसताच त्यानं दांडा मागे ओढला. स्थानक सावकाश मोठं होत आलं, समोरची चीर दिसू लागली. यान जरा तिरकं होतं. मला वाटलं, आता हा घुसवणार. त्यानं ओठ आवळले, यान वळवलं आणि मागे नेलं.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही मामू,’’ तो म्हणाला, ‘‘परत एकदा सरळ करून येतो.’’